मुक्ताचं इंग्रजी ऐकायला कारखान्यावर

मी काही देवदर्शनाला गेले नव्हते. हेव्यापायी गेले होते, आधीच सांगून टाकते.

माझी थोरली नात मुक्ता केजकडच्या एका साखर कारखान्यात लागलीय. प्रयोगशाळेत उसाचा रस तपासते. पण तेव्हा कायम नव्हती. जागा एक आणि उमेदवार दोन. दुसरा सुमित, लातूरचा. मुक्ता फोनवर म्हणाली, "आजी, तो फाडफाड इंग्रजी बोलतो. बाहेरचे मशीनवाले आले की सगळे त्याच्याच तोंडाकडं बघतात." त्या न पाहिलेल्या पोरावर माझं डोकं असं तापलं की दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली. त्याच्या आजीवर जास्त तापलं. किती मिरवत असेल ती बाई!

आष्टीहून जाणार असाल तर सकाळची पहिली एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीनंतर फुकट. मला अजून दोन वर्षं आहेत. शेजारची म्हातारी फुकट बसली होती, खिडकीही तिच्याकडंच. बोलले नाही मी तिच्याशी पाटोद्यापर्यंत. पाटोद्याच्या स्टँडवर तिनंच गरम भजी पुढं केली, मग बोलले. पुढं दोन्ही बाजूंना रान उघडं पडलेलं. माघ महिना, पण ऊन चैत्राचं, आणि रस्त्यानं ऊस कमी, पाण्याचे टँकर जास्त. मांजरसुंब्याला उतरून रबडी खा, साखरेचा त्रास असेल तर घरी सांगू नका. केजला गाडी बदला, युसूफ वडगावपासून काळी-पिवळी मिळते. ती माणसं भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाणी जवळ ठेवा.

मुक्ताची खोली लहान, पण नळ आहे. एक दिवसाआड पाणी येतं. संध्याकाळी ती पिठलं ढवळत बसली, तोंड उतरलेलं.

"अगं, तुला इंग्रजीत ऐंशी मार्क पडलेते ना?" मी म्हटलं.

"ते निबंधाचे, आजी. माझा आवडता ऋतू, माझी शाळा. इथं साहेब विचारतो पंप का अडकला, किती वेळ बंद होता, कुणी उघडला. ते कुठं शिकवलं कुणी? कारखान्यानं क्लास लावला, तर ते मास्तरसुद्धा हॅलो, हाऊ आर यू वरच आठवडा घालवतेत."

कोइमतूरकडच्या कंपनीनं रसाचा नवा पंप बसवलाय, तो दर दोन दिवसांनी अडकतो. कंपनी म्हणते तुम्हाला चालवता येत नाही, कारखाना म्हणतो पंपच खराब. दुष्काळात ऊस आधीच थोडा, त्यात गाळप थांबलं की मागं गाड्या अडकून ऊस वाळतो. कंपनीचे साहेब उद्या येणार होते. त्यांना जो नीट सांगेल त्याची जागा पक्की, असं सगळे धरून चालले होते.

सकाळी पास काढून मुक्तानं मला आत नेलं. बैलगाड्यांचा तळ बघितला आणि पाय आपोआप तिकडंच वळले. बावीस वर्षं मी ऊस तोडलाय, असल्याच तळावर गाडीखाली निजलेय. एका गाडीवरच्या बाईला विचारलं, "ही निळी दोरी कशाची गं? मोळी वाढ्यानं बांधत न्हाई का आता?" वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. आम्ही त्यालाच पीळ देऊन मोळी बांधायचो.

"वाढं कुठलं मावशे!" ती हसली. "औंदा चारा हाय का कुठं? निम्मं बैलं खातेत, निम्मं इकतोत. खताच्या पोत्याचे धागे काढून बांधतोत मग."

"तुमचं बरंय. आमच्या वक्ताला वाढ्याला गिऱ्हाईकच नव्हतं."

"या मग तोडायला, कोयता देते!"

आत गेलो तर साहेब पंप उघडून उभे, हातात निळ्या गुंत्याचा गोळा. सुमित बोलत होता. काय सुंदर बोलत होता हो! नदीसारखं. मला कानात बोटं घालावीशी वाटली. पण साहेब मान हलवत पुन्हा पुन्हा तोच गोळा दाखवत होते. तो कुठून आला, हे सुमितला ठाऊकच नव्हतं.

मी मुक्ताला कोपरानं ढोसलं. "मुक्ते, ही मोळीची बांधणी हाय. सांग की!"

ती पुढं झाली. मग बोलली, एकेक शब्द, दगडावर पाय ठेवत ओढा ओलांडावा तसं. "सर. नो रेन. नो ग्रास. बुलक ईट केन टॉप." मग हातानं मोळी बांधून दाखवली, पोत्याचा धागा ओढून दाखवला. साहेबांनी खिशातून वही काढली आणि ती बोलेल ते लिहायला लागले. नंतर तिच्यामागं तळावर गेले, गाडीवरची दोरी स्वतः सोडून बघितली.

आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त पोटात दुखलं. बावीस वर्षांत माझं बोलणं कुणी वहीत लिहिलं नाही. मुकादमानं लिहिली ती फक्त उचल, आगाऊ घेतलेल्या पैशांची.

रात्री न राहवून विचारलं, "माझं नाव घेतलंस का गं?"

मुक्ता जेवता जेवता थांबली. "आजी... राहूनच गेलं. शब्दच जुळवत होते."

"बरं," म्हटलं, आणि भाकरी दुधात कुस्करत बसले. परतीच्या एसटीत भजीसुद्धा घेतली नाही.

घरी येऊन आठ दिवस झाले, तरी ती वही डोळ्यांपुढून जात नव्हती. काल मुक्ताचा फोन आला. कायम झाली! आता तळावर मोळ्यांची दोरी काढूनच ऊस आत सोडतात आणि कंपनीशी बोलायचं काम तिच्याकडं. कागद आलाय, इंग्रजीत.

"त्यात माझं नाव हाय का?"

"न्हाई गं आजी."

"असू दे. वाच."

तिनं वाचला. मला एक अक्षर कळलं नाही. हेवा वाटला, लई वाटला. ह्या वयात तो कुठं ठेवायचा तेही कळेना. तेवढ्यात समोरच्या ओट्यावर माझ्या जाऊबाई तांदूळ निवडायला येऊन बसल्या. मी फोनचा आवाज पुरता वाढवला, दारात येऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मुक्ते, पुन्हा वाच. सावकाश. पहिल्यापासून."