तात्या येईपर्यंतची मंगलाष्टकं

आमच्या घरात मी बाराखडीआधी 'जाहीर निषेध' वाचायला शिकलो. वडील पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना लागायची. त्यामुळे माझ्या गणिताच्या वहीवरसुद्धा कुणाचा तरी धिक्कार असायचा. अशा माणसाच्या शेजारी गाणी लिहिणारी बाई राहत असेल तर तो दुसरं काय करील? तिला चळवळीत ओढील. मी बरीच वर्षं ओढत होतो.

केजला आमच्या शेजारी किराणा दुकान होतं, त्या दुकानदाराची ती थोरली मुलगी. घरातले तिला अक्का म्हणत, म्हणून मीही. पेटी ती मठातल्या भजनात शिकली. गाणी स्वतः लिहायची, चाल स्वतः लावायची आणि एक शब्द कुणाला बदलू द्यायची नाही. मठातली मंडळी म्हणाली, देवाच्या भजनात तहसील कचेरीतला पंखा कशाला? तिनं पंखा ठेवला, भजन सोडलं. पुण्याची एक कंपनी म्हणाली, आवाज तुमचा, शब्द आमचे. तिनं पुणं सोडलं. मग मी माझं पत्रक घेऊन गेलो.

"अक्का, याला चाल लावा."

तिनं शांतपणे सगळं वाचलं. "यात 'झालंच पाहिजे' लई वेळा आलंय रे."

"तोच तर मुद्दा आहे."

"मुद्दा हाय, पर गाणं न्हाई. वरडायचंच असंल तर तू वरड की. तुझा गळा बरा हाय त्याला."

म्हणजे मठ, कंपनी आणि क्रांती यांना तिनं एकाच रांगेत उभं केलं. मठाला आणि कंपनीला त्याचं काही वाटलं नाही. मला फार वाटलं.

पोटासाठी ती लग्नांत मंगलाष्टकं म्हणायची. प्रत्येक लग्नाला नवी लिहायची. नवरीचं नाव, तिच्या आईचं नाव, पापड लाटून हात दुखवलेल्या चुलतीचं नावसुद्धा त्यात बसवायची. नेम एकच, पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. दुसरीकडं हा नेम किरकोळ वाटला असता. आमच्याकडं मुहूर्त पत्रिकेत छापतात आणि लग्न लावतात पुढारी आल्यावर. ते येतात, सत्कार होतो, ते बोलतात, मग अक्षता पडतात.

त्या उन्हाळ्यात धारूर रस्त्यावरच्या एका मोठ्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न तिच्याकडं आलं. त्याचे पाहुणे गावोगाव. तो खूश झाला की अख्खा हंगाम मिळाला, नाराज झाला की गेला. अक्काच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आधीच बजावलं होतं, "औंदा लगनं मिळाली न्हाईत तर गाणंबिणं बंद. गल्ल्यावर बस."

बागायतदार स्वतः दुकानात आला. "शेवटच्या कडव्यात तेवढं तात्यांचं नाव घ्या," म्हणाला. तात्या म्हणजे त्या भागातले मोठे पुढारी.

"न्हाई घेणार."

"बरं, बघू तिथं," तो हसून म्हणाला. माइक समोर आला की भलेभले मऊ पडतात, हे त्याला माहीत होतं.

मी तिला बहिष्कार घालायला सांगितलं.

"मग म्हणणार कोण? तू? नवरदेव पळून जाईल."

लग्नाच्या दिवशी तात्यांची वाट पाहून मांडव आंबून गेला होता. एवढ्यात फाट्यावर उभ्या असलेल्या कार्यकर्त्याचा फोन आला, "आले, आले!" बागायतदाराची धांदल उडाली. तात्यांना थेट अक्षता टाकता याव्यात म्हणून त्यानं घाईघाईनं अंतरपाट धरायला लावला. अक्कानं पहिलं कडवं म्हटलं, आणि मग कळलं की फाट्यावर आलेली पांढरी गाडी दुसऱ्याच कुणाची तरी होती. तात्या अजून लिंबागणेशला, गणपतीच्या दर्शनाला थांबलेले.

आता काय करणार? धरलेला अंतरपाट काढणं अपशकुन. तात्यांशिवाय लग्न लावणं त्याहून मोठा अपशकुन. बागायतदार खालून हातवारे करत होता, "म्हणा, म्हणा! आनखी म्हणा!"

लिहून आणलेली कडवी संपली. मग अक्कानं स्वतःची गाणी काढली. मठानं नाकारलेला पंखा मंगलाष्टकाच्या चालीत फिरला. कंपनीनं नाकारलेली, एसटीत उभ्यानं झोपणारी बाई आली. प्रत्येक कडव्याअंती 'सावधान' आणि वर अक्षता. ज्या लोकांनी तिचं एक गाणं कधी धड ऐकलं नव्हतं, ते हजारभर लोक डोक्यावर पदर, टोप्या घेऊन उभे होते. एकालाही निघून जाता येत नव्हतं. आमच्या चळवळीला अशी सभा कधीच मिळाली नाही.

अक्षता संपल्या. लोक रिकामे हात उडवू लागले. नवरी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. तिच्याकडं बघत अक्कानं तिथंच जुळवलेलं म्हटलं,

खड्डे मोजत येतसे हळुहळू गाडी कुणाची तरी,
पोरीचे दुखतात पाय इकडे, कुर्यात् सदा मंगलम्!

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजले. बागायतदार ओरडला, "आले! नाव घ्या, नाव!" तात्या गाडीतून एक पाय खाली ठेवत होते. अक्कानं माइक तोंडाजवळ घेतला आणि शेवटचं "शुभमंगल सावधान" म्हणून टाकलं. कंटाळलेले वाजंत्रीवाले तेवढ्याचीच वाट बघत होते. अंतरपाट खाली आला, हार पडले. तात्या मांडवात पोचले तेव्हा नवरी सासरची झाली होती.

मला उमाळा आला. "अक्का, तुम्ही सत्तेला नकार दिलात!"

"कसली सत्ता? पोरगी पडली असती बाबा."

बागायतदार जवळ आला. "आवाज चांगला हाय तुमचा," तो म्हणाला. "आता घरीच म्हणा."

त्या हंगामात अक्काला लग्नांची आमंत्रणं आली, पण नुसती जेवायला. ती गल्ल्यावर बसली, आप्पांच्या शब्दाप्रमाणं.

असंच जेवायला आम्ही दोन्ही घरची माणसं धारूरला एका लग्नाला गेलो होतो. तिथं कीबोर्डवाला गायक होता. चौथ्या की पाचव्या कडव्याला माझे कान टवकारले. "विकास मोजत येतसे हळुहळू आपल्या लाडक्या तात्यांची गाडी…" शब्द चालीत मावत नव्हते, गायकाला धाप लागली होती. पोरीचे पाय दुखायचे थांबले होते, त्या जागी तात्यांचे आशीर्वाद आले होते. लोकांनी भरभरून अक्षता टाकल्या. अक्का इतकी हसली की शेजारच्या बाईनं तिला पाणी दिलं.

परतीच्या जीपमध्ये मी पेटलेलो. ही चोरी आहे, हे सांस्कृतिक शोषण आहे, आपण याचा निषेध केला पाहिजे, असं मी चालू केलं. अक्का खिडकीबाहेर बघत काहीतरी नवं गुणगुणत होती. तिनं माझ्याकडं न बघता हात वर केला.

"ते गेलं त्यांच्या घरी. गप बस रे जरा, चाल निसटायली."