आक्काच्या भिंतीवरची झूल

ती घटना आठवली की आजही मला आधी बैल दिसतो, मग फिर्यादी. नोकरीत मी चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण मेलेल्या बैलानं उभं राहून साक्ष दिलेली एकदाच पाहिली. थाप वाटत असेल तर शिरूर कासारकडं जाऊन विचारा. नावं मी सांगणार नाही, तिथं ती सगळ्यांना पाठ आहेत.

ठाण्याचा कारभार तेव्हा माझ्याकडं होता. एका सकाळी भागातले वजनदार पुढारी आले. गाडी एवढी लांब की तोंड ठाण्याच्या फाटकात आलं तरी शेपूट बाजारातच होतं. त्यांच्या नव्या बंगल्याची सजावट चालली होती आणि पुण्याच्या सजावटवाल्यानं दिवाणखान्यासाठी काहीतरी खानदानी मागितलं होतं. अशात त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. शेजारच्या गावातल्या एका विधवा बाईच्या भिंतीवर त्यांच्या घरच्या मानाच्या बैलाची झूल टांगलेली. लाल मखमल, आरसे, चांदीची घुंगरं, कोपऱ्यात हिरवं ठिगळ. पोळ्याला ही झूल पाठीवर घेऊनच तो बैल वेशीतून सगळ्यांच्या पुढं निघायचा. झूल घातलेल्या त्या बैलाचा जुना फोटोही त्यांनी आणला होता. ठिगळासकट सगळं जुळत होतं.

माळ्यावरून चोरी झाली, अशी तक्रार दिली आणि उठताना म्हणाले, "झूल माझ्या भिंतीवर पायजे. ती बाई आत गेली का भाईर ऱ्हाइली, ते तुमचं तुमी बघा."

आमचा चहावाला म्हणजे ठाण्याचं निम्मं गुप्तहेर खातं. त्यानं खबर दिली की बाईकडं एक नाही, घरभर झुली आहेत. मला वाटलं, अख्खी टोळीच गावली. महिला शिपाई, हवालदार आणि दोन पंच घेऊन निघालो.

त्या बाईला गाव आक्का म्हणत होतं. घर दोन खोल्यांचं, पण आत पाऊल टाकलं आणि मी टोपी काढली. तिथं घरात झुली लावलेल्या नव्हत्या. झुलींसाठी घर बांधलेलं होतं. समोरच्या भिंतीला खिडकीच ठेवली नव्हती, कारण त्या जागी सर्वांत मोठी झूल, म्हणजे तीच लाल मखमलीची, यायची होती. उन्हानं रंग उडू नये म्हणून उजेड फक्त उत्तरेकडून. रंगाऱ्याला तिनं झूल दाखवून सांगितलं होतं, हिच्यामागं खुलंल असा रंग दे. दाराला पडदा घुंगरमाळांचा, फळीवर शिंगांच्या पितळी शेंब्या. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आला, त्याच्याकडं ही दुसऱ्या दिवशी हजर. कुणाची झूल कांद्यावर पांघरलेली, कुणाची मोटारीवर. मागून आणायची, धुवायची, रफू करायची. टीव्हीला भिंतच उरली नाही म्हणून तो गोठ्यात लावला होता, आणि एक म्हातारा पांढरा बैल बातम्या बघत रवंथ करत होता. जाहिरात लागली की मान फिरवायचा, हे मी स्वतः पाहिलं.

मी जबाब घ्यायला बसलो. ही झूल कुठून आली?

"दिली."

कुणी?

"त्ये सांगायचं न्हाई असा सबूद दिलाय."

मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की परळीला रेल्वे थांबायची. आक्कानं पापणी हलवली नाही. मी सांगितलं, नाव सांगितलं नाही तर आज ही एक झूल जप्त होईल, उद्या बाकीच्याही. आमच्या मुद्देमाल खोलीतले उंदीर इतके माजले होते की त्यांच्या विरोधात मांजरानं फिर्याद द्यायची बाकी होती. तेही सांगितलं. पहिल्यांदा तिची नजर भिंतीवरून फिरली. मग तिनं पदर खोचला.

"न्या समद्या. खिळे तेवढे ऱ्हाऊ द्या. सबूद मोडून घर सजवायचं न्हाई मला."

हवालदारानं पंचांसमोर झूल उतरवून अंगणात आणली. घुंगरं वाजली, आणि गोठ्यात धडपड झाली. म्हातारा बैल उठला, अंगणात आला आणि हवालदारासमोर आडवा उभा राहिला, पाठ पुढं करून. पोळ्याला बैल सजायला उभे राहतात तसा. हवालदार शेतकऱ्याचं पोर. त्याच्या हातांनी न विचारता झूल पाठीवर टाकली. वशिंडासाठी ठेवलेली खाच वशिंडावर अशी बसली जशी माझ्या डोक्यावर माझी टोपी. मी खिशातला जुना फोटो बाहेर काढून पाहिला. तोच कपाळावरचा चांद, तोच चिरलेला कान.

हवालदार माझ्या कानाशी लागला. "साहेब, ह्यो तर मेलाय."

मेलाच होता. दर पोळ्याला पुढारी स्टेजवरून रडायचे की आमचा बैल वारला, त्याला आम्ही झुलीसकट माती दिली, समाधी बांधली. बंदोबस्ताला मी उन्हात उभा राहून ते भाषण ऐकलं होतं, तालुक्याला पाठ होतं. तक्रार घेताना ते मलाही आठवलं नाही, आणि भाषण करणाऱ्याला तर स्वतःचं भाषण कधी ऐकू येत नाही.

वरून फोन आला की झूल देऊन विषय मिटवा. मी म्हणालो, तपास चालू आहे. तसाच बंगल्यावर गेलो आणि पुढाऱ्यांना अदबीनं सांगितलं की तुमच्या भाषणाप्रमाणं झूल समाधीत आहे, तक्रारीप्रमाणं माळ्यावरून गेली आहे. तेव्हा पंचांसमक्ष समाधी उकरावी लागेल, शिवाय एका बैलाची ओळख परेडही घ्यावी लागेल.

ते लाल झाले. "कावून उकरायची? कुनाच्या हुकमानं?"

आतल्या दारात त्यांची आई उभी होती. भाषणाच्या वेळी स्टेजमागं पाहिलेली ती म्हातारी तोवर मला गरीब वाटली होती.

"उकरा साहेब," ती म्हणाली. "ह्यानं बैल बाजारात धाडला व्हता. मी गड्याला वाटंतूनच आक्काकडं वळवाय लावला. झूल माझ्या सासूनं शिवल्याली, ती पन दिली. आता उकरा, मला बी बघू द्या ह्यानं कुनाला माती दिली ती."

पुढाऱ्यांनी तक्रार मागं घेतली. सजावटवाल्यानं त्या भिंतीवर मोठं घड्याळ लावलं म्हणतात.

माझी बदली परळीला झाली. तिथं चहात वीज केंद्राची राख पडायची. फुंकर मारून प्यायलो, पण त्या तपासातली एकही ओळ बदलली नाही.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. वस्तू कुणाची हे फोटोवरून कळतं, पण ती कुणाकडं असावी हे कळायला भिंत बघावी लागते. तिच्यासाठी भिंतीला खिडकीच न ठेवणारा माणूस चोर नसतो.

पुढच्या पोळ्याला मी रजा टाकून गेलो. आक्काची समोरची भिंत रिकामी होती, नुसते खिळे. झूल अंगणात होती, बैलाच्या पाठीवर, आणि पुढाऱ्यांची आई उघड्यावर, सगळ्या गावादेखत, त्याला पुरणपोळी भरवत होती. तिकडं समाधीजवळ स्टेजवर भाषण सुरू झालं होतं. कर्ण्याचा आवाज इथवर येत होता. बैलानं एक कान हलवला आणि खात राहिला.