पिंपशेठचा सोडा

दवाखान्यातून परतताना पुलाचा चढ अर्धा सरला आणि भाऊ पुन्हा कठड्याला टेकला. त्याने पोटरी आवळून धरली होती. शर्टाच्या शेवटच्या बटणाखालून पोट बाहेर लोंबत होतं, घामाने ओलं, चकचकीत. ताईने नजर वळवली. पाठच्या भावाची किळस यावी? देवा, कसलं हे मन दिलंस! पण शिसारी काही हटेना.

"रिक्षा करूया का रे?"

"नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, दुखलं की थांबायचं, उतरलं की परत चालायचं."

हॉटेलांच्या मोऱ्या उपसायचं त्याचं काम. खरकट्या भांड्यांचं तेल नळात थिजतं, त्याचे पिवळट गोळे धरतात, गोळ्यांत केस, कुजकं उष्टं, मेलेली झुरळं. भाऊ त्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. कितीही घासलं तरी अंगाचा वास जात नसे. आणि हात धुऊन तिथल्याच भटारखान्यात बसून तळलेलं हादडायचा. सगळे त्याला पिंपशेठ म्हणत, तोही हसून दाद देई.

तुंबलेल्या नळात तो कढत पाणी आणि सोडा ओतायचा. रक्तदाब वाढलाय, पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय असं कळलं, तेव्हा या शहाण्याने औषधाच्या गोळ्या ठेवल्या फळीवर आणि रोज सकाळी तांब्याभर गरम पाण्यात खायचा सोडा ढवळून प्यायला लागला. गुपचूप. आज दाब आणखी चढलेला निघाला, तेव्हा बिंग फुटलं.

"मिठातलं सोडियम सोड्यातही असतं, त्यानं दाब वाढतो," डॉक्टरीणबाई वैतागल्या होत्या. "आणि रक्तवाहिनी म्हणजे लोखंडी नळ नव्हे. ती जिवंत असते, चालताना जास्त रक्त लागलं की रुंदावते. पोटातली, रक्तवाहिन्यांभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही. ती सूज आणणारे रस सोडते. मग रक्तवाहिनी ताठरते, तिला रुंदावता येत नाही. असंच चाललं तर पाय गमवाल."

"मोरीतला गोळा मेलेला तरी असतो गं," भाऊ कठड्याला टेकूनच म्हणाला. "हा माझ्यातला जिवंत आहे. आत बसून थुंकतोय."

"शी! गप्प बस. गोळ्या घ्यायला काय झालं होतं तुला?"

"गोळीने काय धुतलं जातंय? मला वाटलं, एकदाचं वाहून जाईल सगळं. डोळे मिटून साबण लावतो मी पोटाला. हात लागला तरी मळमळतं."

चरबी उतरतेय का ते कळावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी दर आठवड्याला बेंबीवरून पोटाचा घेर मोजायला सांगितला होता. भाऊने खिशातून टेप काढली, मोरीतून काहीतरी उचलावं तशी दोन बोटांत धरली आणि तिच्यापुढे केली.

"गोळ्या घेतो आजपासून. तळणही सोडतो. पण हे माझ्याच्याने व्हायचं नाही. तुलाही किळस येते, दिसतं मला. तरी ताई, दर रविवारी तू मोजशील?"