पाहुण्यांच्या पेल्यातली पावडर

दूध गॅसवर ठेवलं की महादेवी रोज ओट्याला हात टेकून ऑपरेशन झालेल्या पायावर उभी राहायची. दूध वर येईपर्यंत दुसरा पाय टेकायचा नाही.

ती अहमदपूर आगाराची कंडक्टर. बसच्या पायरीवरून उतरताना गुडघा पिळवटला, लिगामेंट तुटलं, लातूरला ऑपरेशन झालं. जखम भरली, पण मांडी वाळत गेली. तिच्यात बळ आलं नाही तर गाडीवरची ड्यूटी सुटणार होती, कायमचं टेबलाचं काम मिळणार होतं. "बरंच की, सावलीत बसशील," लोक म्हणायचे. महादेवीला मात्र हलत्या गाडीत आधाराविना उभं राहणं आवडायचं.

डॉक्टरांनी व्यायामासोबत प्रोटीन पावडर सांगितली होती. डबे भराभर संपत होते, मांडी मात्र तशीच. फिजिओथेरपिस्ट अक्षरा मॅडमनी टेप लावून मांडीचा घेर मोजला.

"पावडर घेताय ना?"

"घेते की," सोबत आलेल्या सासूबाई बसम्माच बोलल्या. "म्या सोता दुधात कालवते."

"मग डबा इतक्या लवकर कसा संपतो?"

"आता भेटाया आलेल्याला नुसत्या चहावर लावून द्यावं का? येलदोडा घालून पेलाभर देते. शेजारचे शेषेराव गुरुजी तर मागून घेतेत."

"अन् मला, अत्या?" महादेवीनं सासूबाईंना विचारलं.

"तू घरचीच हायस. उरलेलं तुझंच की."

मॅडमना हसू आवरेना. "आजी, गल्लीतल्या सगळ्यांच्या मांड्या भरल्या असतील!"

महादेवीही हसली. सासूबाई मात्र परतीच्या वाटेवर सुनेच्या पायाकडे बघत चालल्या. घरात सून शेवटी जेवते, हे त्यांनी स्वतःही सून असताना पाळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांना चहा. पावडर महादेवीची. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे घट्ट वरण, दही, भाजलेले शेंगदाणेही. सगळ्यांच्या आधी तिचं ताट. ती संकोचली की बसम्मा समोर बसायच्या, "जेव आधी. बाकीचे काय उपाशी मरंनात."

व्यायाम दुखायचाच. पण पावसाळा सरता सरता मांडीला आकार आला. जिना रडवेनासा झाला. डॉक्टरांनी गाडीवर जायला सही दिली.

नांदेडच्या पहिल्या फेरीला गाडी खचाखच भरली होती. तिची चाल जराशी अडखळलेली बघून एक म्हातारा जागेवरून उठू लागला. महादेवीनं वरची दांडीही धरली नव्हती.

"बसा मामा, बसा. तिकीट कुठलं देऊ, लोहा का नांदेड?"