वीस एप्रिलची पट्टी

व्हर्ना सारेलानं सकाळपासून तीनदा कोट घातला आणि तीनदा काढला. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, पण जिवाला चैन म्हणून नाही. आमच्या डुलुथ शहरातल्या वाचनालयात ‘वेंडेलचं गॅरेज’चं प्रदर्शन लागलं होतं. ऑर्व्हिल लिंडक्विस्टनं एकतीस वर्षं वर्तमानपत्रात रोज काढलेली चित्रपट्टी, असं दारावरच लिहिलेलं. व्हर्ना त्याची मदतनीस. तिला आज एकच गोष्ट बोलायची होती, आणि बोलेन बोलेन म्हणता चाळीस वर्षं गेली होती.

आमच्याकडे हे असंच. स्वतःचा डंका पिटणं म्हणजे चारचौघांत उघडं फिरणं. ताटातला केकचा शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. अर्धा, मग अर्ध्याचा अर्धा, असा कापत बसतात.

आत म्हातारी मंडळी काचेला नाक लावून “हे आठवतंय का गं?” करत हसत होती. व्हर्नाचा पाय कुठे ठरेना. ती तडक शेवटच्या भिंतीशी गेली.

तिथे ती पट्टी होती. वेंडेल मेकॅनिक लेकीच्या हातात किल्ल्या देतो, मागच्या सीटवर जाऊन बसतो आणि म्हणतो, “चालव. मी बघत नाही.” खाली ऑर्व्हिलची सही. छापल्याची तारीख, वीस एप्रिल.

अहो, ऑर्व्हिल गेला त्याच वर्षी तीन फेब्रुवारीला. पट्टी छापायच्या सहा आठवडे आधी पाठवायची असते, आणि तेवढं गाठतानाच त्या माणसाच्या नाकी नऊ यायचे. मग एप्रिलची काढली कुणी? गोष्ट अर्धी राहू नये म्हणून व्हर्नानं, त्याच्याच टेबलावर बसून. चित्र तिचं, शब्द तिचे, सही तेवढी त्याची ठोकली. बोटांवर मोजलं तरी कळलं असतं, पण मोजतो कोण.

“मिसेस सारेला, आलात तुम्ही,” मागून ऑर्व्हिलची लेक मॅरिट म्हणाली. सत्तावन्न वर्षांची झाली होती पोर.

“मॅरिट, मला जरा बोलायचंय. या पट्टीबद्दल.”

“माझीच आहे ती,” मॅरिट म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “बाबांनी मला कधी शाब्बास म्हटलं नाही. टेबलावरून मान वर करायचे नाहीत. त्या हिवाळ्यात मी गाडी शिकत होते. जाताना एवढं ठेवून गेले माझ्यासाठी. दुसरं काय आहे माझ्याकडे त्यांचं?”

व्हर्नाला राग आला. ऑर्व्हिलचा, या पोरीचा, स्वतःचा तर फारच.

“तुम्ही काय सांगत होतात?” मॅरिटनं डोळे पुसले. “आणि खरंच, तुम्ही तिथे नेमकं काय करायचात? मला कधी कळलंच नाही.”

व्हर्नानं कोटाचं वरचं बटण लावलं.

“चौकटी आखायचे,” ती म्हणाली. “काळी शाई भरायचे.”

“एवढंच?”

“कॉफीही करायचे.”

मॅरिटनं तिचा हात दाबला. “मग आभारांच्या यादीत घालते तुमचं नाव. अगदी खाली, खुर्च्या देणाऱ्यांनंतर थोडी जागा आहे.”

“घाल,” व्हर्ना म्हणाली. “अडचण होत नसेल तर.”