रानउंदराने जागा खाली केली

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो खडवलीच्या आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा. दहावीनंतर वडील मला वीटभट्टीवर नेणार होते. बाई त्यांच्याशी भांडल्या, म्हणून घरातला पहिला पदवीधर मी झालो. पुढे प्राणिशास्त्रात एमएस्सी केली आणि माजिवड्याला, पर्यावरणाचे अहवाल लिहून देणाऱ्या एका ऑफिसात लागलो. बाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

त्या ऑफिसातलं पर्यावरण एसीत वाढलेलं होतं. मुरबाडकडच्या एका डोंगराच्या पायथ्याशी बिल्डरला बंगले बांधायचे होते आणि आम्हाला तिथले उंदीर, चिचुंद्री, खारी असे लहान प्राणी नोंदवायचे होते. तो डोंगर माझ्या ओळखीचा. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तिथेच पायथ्याशी मी पिंजरे लावायचो आणि पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर हमखास मिळायचा. तेव्हा झाडी दाट होती, ओहोळ उन्हाळ्यातही ओला असायचा. आता झाडी तुटली आहे, ओहोळ होळीआधीच आटतो आणि दुपारी दगडाला हात लावता येत नाही.

साहेबांनी पिंजऱ्यांच्या जागा गाडीत बसूनच ठरवल्या. रस्त्याकडेच्या भजी-मॅगीच्या टपऱ्यांमागे. वर चढलं तर बूट खराब होणार, शिवाय ट्रॅफिक वाढायच्या आत घरी पोचायचं होतं. आमिषाला सुकट लावली. सकाळी पिंजऱ्यांत घरउंदीर, टपऱ्यांच्या मालाबरोबर शहरातून आलेले. साहेबांनी त्यांचे फोटो काढून जैवविविधता समृद्ध असल्याचं लिहिलं. एवढी समृद्धी डोंबिवलीत माझ्या चाळीच्या मोरीतही आहे. डिझेल तरी वाचलं असतं.

शनिवारी मी एकटाच पिंजरे घेऊन वर गेलो. रविवारी सकाळी पाहिलं तर पायथ्याच्या उरल्यासुरल्या झाडीत काही नाही, मधल्या टप्प्यावरही नाही. अगदी माथ्याजवळ, कारवीच्या शेवटच्या पट्ट्यात, रानउंदीर मिळाला. नोंद करून त्याला तिथेच सोडला. एका रात्रीवरून सगळं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण खाली ऊन वाढलं, जंगल गेलं आणि तो वर सरकत गेला, हे तपासायला अजून एक हंगाम तरी द्यायला हवा होता. तेवढंच मी सोमवारी साहेबांकडे मागितलं.

साहेब खूश झाले. "अरे वा. म्हणजे खालची जागा त्याने स्वतःहून खाली केली."

बिल्डरचा माणूस समोरच बसला होता. "ना बांधकाम होईपर्यंतचं भाडं मागितलं, ना कॉर्पसचे पैसे," तो म्हणाला. "असे रहिवासी आम्हाला ठाण्यात का मिळत नाहीत हो?"

दोघं पोटभर हसले. मी म्हटलं, "सर, माथ्याच्या वर डोंगर नाही. अजून तापलं तर तो जाणार कुठे?"

"उंदीर आहे रे तो, त्याला कुठेही चालतं. तू सही कर."

अहवालात वाक्य तयारच होतं: सदर प्रजातीने उंचावरील अधिवास स्वेच्छेने स्वीकारला आहे. पुनर्विकासाच्या करारातून उचललेलं, फक्त भाडेकरूच्या जागी प्रजाती. सही माझीच हवी होती, कारण ऑफिसात प्राणिशास्त्र शिकलेला मी एकटाच. साहेब कॉमर्सचे.

मी सही केली नाही. घरी येऊन बाईंना पत्र लिहिलं. फोनवर त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही.

"बाईंना सप्रेम जय भीम.

मी नोकरी सोडली. खरं म्हणजे त्यांनी काढलं, पण वडील भेटले तर सोडली असंच सांगा. ऑफिसला माझं शिक्षण सहीपुरतं हवं होतं. रानउंदीर अजून माथ्यावर आहे, निदान रविवारी होता. पावसाळ्यानंतर मला पुन्हा तिथे जायचं आहे, पण पिंजरे ऑफिसचे होते, ते परत द्यावे लागले. आपल्या शाळेत उंदीर पकडायला जे असतील ते मोडके असले तरी ठेवा. मी दुरुस्त करून घेईन.

आपला विद्यार्थी"