वेंकटरावांचा कोनोकार्पस

असोसिएशनच्या मीटिंगा ज्यांनी केल्यात, त्यांना किस्से शोधत फिरावं लागत नाही. आमच्या अण्णा नगरच्या बिल्डिंगमधले निम्मे किस्से तर एकाच परदेशी झाडाचे आहेत.

कोनोकार्पस आणला सेक्रेटरी वेंकटरावांनी. घराणं तंजावरचं, बँकेतून रिटायर, आणि मराठी इतकी जुनी की पुण्याहून आलेल्या मला माझीच भाषा नवशिकी वाटते. नर्सरीवाला म्हणाला, पाणी कमी, वाढ भरपूर. रावांनी कंपाउंडभर लावून टाकला. वर्षभरात भिंत हिरवीगार झाली, तेव्हा ही कल्पना मुळात आपली होती असं सांगणारे मजल्यामजल्यावर निघाले.

*

पहिल्या मजल्यावरचे पक्षीवेडे शेजारी रोज दुर्बीण घेऊन बाल्कनीत बसायचे. घरटं सोडा, कावळाही फिरकेना. त्यांनी तक्रार केली.

राव म्हणाले, "शिस्तीचं झाड आहे. पाहुण्यांना थारा देत नाही."

*

मग खालच्या मजल्याचं ड्रेनेज तुंबलं. प्लंबरनं पाइप फोडला, तर आतून मुळांचा जुडगाच बाहेर आला. सगळे नाक धरून उभे, आणि राव कौतुकानं वाकून बघतायत!

"पाणी कुठं आहे ते याला बरोबर कळतं. आपल्या बोअरवाल्याला कळलं होतं का?"

*

छाटला की तो दुप्पट दाट व्हायचा. जिद्द शिकावी तर या झाडाकडून, असं राव माळ्याला ऐकवायचे. माळी शिकला. त्यानं पगारवाढ मागितली.

*

फुलोरा आला की रावांच्या पत्नी कमलाक्कांना खोकला लागायचा. डॉक्टरांनी परागकणांवर बोट ठेवलं. रावांनी समोरच्या बांधकामावर ठेवलं. मुलीकडे श्रीपेरुंबुदूरला गेल्या की अक्का ठणठणीत, परतल्या की पुन्हा धाप. मला खरंच त्यांची काळजी वाटायची. रावांचं मत एकच, हवापालट मानवतो.

*

शेवटी सरकारनंच हे झाड लावू नका म्हणून सांगितलं, आणि तोडायचं की ठेवायचं यावर मीटिंग बसली. राव तासभर ऑक्सिजनवर बोलले. अक्का मागच्या रांगेत इनहेलर घेऊन बसल्या होत्या.

"झाडं ठेवावीत असं कुणाला वाटतं?" अध्यक्षांनी विचारलं.

एकच हात वर गेला, रावांचा. तेवढ्यात अक्कांना उबळ आली. ती थांबेचना. राव हात खाली घेऊन धावत मागं गेले, पाण्याची बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली आणि पाठ चोळत तिथंच बसले.

अध्यक्षांनी हॉलवरून नजर फिरवली. "कुणीच नाही?"

राव पाठ चोळत राहिले.

"लिहून घ्या," अध्यक्ष म्हणाले. "एकमतानं."